शेवटच्या गाडीचा गोळा

१

ओल्या कोब्यावर पाय ठेवणाऱ्याला भडक्यानं आजवर कधी सोडलं नव्हतं. एकदा तर ज्याचं घर बांधत होता, त्या मालकालाच त्यानं थापी घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत पळवलं होतं. मग परत येऊन, शिव्या देत देतच, तोच कोबा पुन्हा घोटून दिला होता. भडक्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नाही. राग कायम नाकावर, म्हणून गावानं चिकटवलं ते चिकटलं. धंदा गवंड्याचा, वय पंचावन्न, शाळा चार यत्ता. पण त्यानं घोटलेल्या जमिनीवर लोटाभर पाणी ओता, ते जिथे जायला पाहिजे तिथेच जाणार.

तर काम चाललं होतं जुन्या स्टेशनात. जुनं म्हणजे काय, एकेचाळीस वर्षं तिथे गाडी नाही. रूळ उपटून नेले, खालचे लाकडी स्लीपर लोकांनी चुलीत घातले, आणि रुळांच्या जागी छातीइतका खोल चर राहिला, त्यात काटेरी झुडपं माजली. मागे उरल्या दोन खोल्या, तिकिटाची खिडकी, फलाट आणि फलाटावरची पत्र्याची शेड. आता गावाच्या मनात आलं की तिथे वाचनालय करावं आणि स्टेशनचा जुना इतिहास मांडून ठेवावा. फलाट सगळा फुटला होता, तो नवा करायचं काम भडक्यानं मागून घेतलं. त्याचा बाप याच स्टेशनात सांधेवाला होता, रुळांचे सांधे बदलायचा. भडक्या जन्मला तो मागच्या क्वार्टरमध्ये, पुढे त्याच्या शाळेच्या वयात बापानं गावात घर केलं.

मंगळवारी त्यानं काठाकडची पट्टी घोटून संपवली, टाकीवर हात धुतले, घोटभर चहा घेतला आणि येऊन बघतो तर कोब्यावर पावलं. बुटांची. चार पुढे, मग वळून चार मागे.

तिडीक गेली डोक्यात. त्यानं बिगाऱ्याची गचांडी धरली. बिगारी चांगला दोन मणांचा गडी, पण शांत. त्यानं खाली बसून आपला अनवाणी तळवा वर केला आणि दाखवला.

"बूट मी लग्नात घातले होते, मिस्त्री. तेही मेव्हण्याचे."

भडक्यानं त्याला सोडलं. कोण असेल त्याचा उद्धार करत त्यानं पावलं पुसली, थापी फिरवली. काम आटोपताना मग त्याच्या ध्यानात आलं. पावलं फलाटाच्या आतून काठाकडे गेली नव्हती. काठावरून आत आली होती आणि पुन्हा काठाकडेच गेली होती. चरातून वर चढायचं तर माणसाला कोब्यावर हात टेकावे लागतात, गुडघा टेकावा लागतो. हाताचा ठसा कुठेच नव्हता. खाली वाकून बघितलं तर झुडपाची काटकीसुद्धा मोडलेली नव्हती.

जणू कोणी दारातून उतरावं तसा तो माणूस उतरला होता. चार पावलं येऊन, हेच का ते गाव असं बघून, परत चढला होता.

२

बुधवारी भडक्या राखणीला बसला. पुढची पट्टी घोटली आणि घमेलं उपडं टाकून त्यावर ठाण मांडलं, थापी मांडीवर. आज बघतोच कोण येतो ते.

साडेचारला शाळेची घंटा झाली. पोरांचा गलका आला आणि ओसरला. एक कुत्रं चराच्या कडेनं चाललं होतं, ते मध्येच थांबलं आणि आलं तसं माघारी फिरलं. मग वरचा पत्रा बोलायला लागला. वाजत नव्हता, नुसता घुमत होता, जवळून अवजड काही जाताना घुमतो तसा. वारा नव्हता. मोठा रस्ता तिथून मैलभर लांब. भडक्यानं वर बघितलं, पत्र्याचा एखादा खिळा ढिला झाला असेल म्हणून नजरेनं खिळे तपासले. चार-पाच श्वासांचं काम.

खाली बघितलं तर पावलं उमटलेली होती. त्याच्यापासून दोन हातांवर.

यावेळी तो ओरडला नाही. गुडघ्यावर बसून त्यानं नीट बघितलं. उजवा बूट साधा. डाव्याच्या तळाला तिरक्या रेघांचा तुकडा, टायर कापून लावलेला, आणि त्याच्या कडेला खिळ्यांची डोकी. सहा एका रांगेत. सातवा रांगेबाहेर, वाकडा, कोब्यात खोल रुतलेला.

तो सातवा खिळा भडक्यानं स्वतः मारला होता. चौदा वर्षांचा असताना.

थोरला भाऊ, म्हणजे दादा, त्यावेळी एकोणीस वर्षांचा होता. गावातला कारखाना बंद पडला तसा तोही शहरात निघाला, सगळे निघाले तसाच. आदल्या संध्याकाळी बापानं त्याच्या फाटक्या बुटाला टायरचा तुकडा ठोकला. कंदील धरायला भडक्या. आपल्याला नेत नाहीत म्हणून तो फुरंगटलेला. सहा खिळे बापानं सरळ मारले. सातवा यानं हातोडी हिसकावून मारला आणि मुद्दाम वाकडा मारला. बाप म्हणाला, असू दे, चालताना वाजेल, आपला पोरगा गर्दीत ओळखू तरी येईल. आणि खरंच वाजायचा. दर दुसऱ्या पावलाला टिक. दादा घरभर चालून दाखवत हसत होता.

दुसऱ्या दिवशी दादा चार चाळीसच्या गाडीनं गेला. ती या स्टेशनची शेवटची गाडी. भडक्या पाण्याच्या टाकीमागे रुसून बसला होता, निरोप द्यायला गेलाच नाही. त्यानंतर दादाचं पत्र नाही, निरोप नाही, काही नाही. एकेचाळीस वर्षं भडक्या त्याच्यावर दात धरून होता. आईनं डोळे लावून वाट बघावी आणि या पठ्ठ्यानं दोन ओळी लिहू नयेत?

त्यानं पावलं पुसली नाहीत. बिगाऱ्याला सांगितलं, ही पट्टी अशीच राहू दे.

घरी आला तर दार नेहमीसारखं सताड उघडं. त्या दाराला खोड होती, बिजागरी कलती असल्यामुळे ते आपोआप लागायचं. म्हणून त्याला एक लोखंडी गोळा लावलेला असायचा. नारळाएवढा, वर अक्षरं ठोकलेला, येता-जाता पाय लागून लागून आरशासारखा गुळगुळीत झालेला. बापानं स्टेशनातून आणला होता. दार बंद करायची घरात मनाई. तो नियम आईचा.

"थोरला येईल तेव्हा त्याला दार ठोठावायला लागू नये," एवढंच ती म्हणायची. आता ती ऐंशीची होती. दात गेलेले, नजर गेलेली, अंगात हाडं आणि हट्ट दोनच गोष्टी उरलेल्या.

भडक्या रोजच्यासारखा गोळा ओलांडून आत गेला. बापही तो कायम ओलांडूनच जायचा, हे त्याला आज आठवलं. भडक्या रुसला की त्या गोळ्यावर जाऊन बसायचा, आई गोळा लाथेनं सरकवायची. बापाचा पाय मात्र मरेपर्यंत त्याला लागला नाही.

३

स्टेशनचा इतिहास लिहायचं काम शाळेतल्या बाईंकडे होतं. बाई उत्साही, आणि भडक्याच्या शिव्या कानाआड करण्यात पटाईत. गुरुवारी त्यांनी त्याला स्टेशनमास्तरांच्या जुन्या खोलीत बोलावलं. भिंतीशी एक लाल लोखंडी यंत्र उभं होतं, कमरेपेक्षा उंच, वर घंटी, पुढे काटा आणि तळाशी गोळा पडायचं भोक. बाईंनी ते घासून लख्ख केलं होतं.

त्यांनी समजावून सांगितलं. रूळ एकच होता, गाड्या दोन्हीकडून यायच्या. समोरासमोर येऊ नयेत म्हणून ही पद्धत होती. या यंत्रातून एका वेळी एकच गोळा निघायचा. तो कड्याला लावलेल्या चामड्याच्या पिशवीत घालून ड्रायव्हरला द्यायचा. ड्रायव्हर तो पुढच्या स्टेशनात देणार, तिथल्या यंत्रात तो पडणार, मगच पुढचा गोळा निघणार. यंत्रांत मिळून चोवीस गोळे होते. लाईन बंद झाल्यावर भंगारात गेल्याची यादी मिळाली, त्यात तेवीस आहेत.

भडक्याचं लक्ष काट्याकडे होतं. काट्याला तीन जागा होत्या. एकीवर लिहिलं होतं लाईन बंद, म्हणजे मध्ये गाडी नाही, दुसरीवर गाडी येत आहे, तिसरीवर गाडी गेली. काटा तिसरीवर होता.

बाई म्हणाल्या, हो ना, गंमतच आहे, हलवून बघितला, हलत नाही. तसाच राहिलाय. आणि आणखी एक गंमत. शेवटची गाडी सुटल्याच्या बातम्या आहेत, फोटो आहेत, इंजिनाला फुलं, बँड, सगळं आहे. ती पोचल्याचं मात्र कुठेच काही सापडत नाही. पुढचं स्टेशन त्याच दिवशी सकाळी बंद झालं होतं, माणसं हलवली होती. असेल कुठेतरी नोंद.

भिंतीतून पूर्वी यंत्राच्या तारा बाहेर जायच्या. त्या कधीच विकल्या गेल्या होत्या. तुटकी टोकं भडक्यानंच गेल्या आठवड्यात गिलाव्याखाली बुजवली होती. दोघे खोलीतून निघत होते तेव्हा वरची घंटी वाजली. एकच ठोका.

बाई हसल्या. म्हणाल्या, उंदीर असेल.

"तुमचा चोविसावा गोळा माझ्या घरी आहे," भडक्या म्हणाला. त्याला हे बोलायचं नव्हतं, पण तोंड त्याच्या ताब्यात कधी होतं?

बाईंना आभाळ ठेंगणं झालं. रविवारी सकाळी उद्घाटन होतं, मोठे साहेब येणार होते. त्यांच्या हातून गोळा यंत्रात टाकायचा, टाळ्या, फोटो. बाईंनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

४

स्टेशनचे शेवटचे मास्तर अजून जिवंत होते. गावाच्या टोकाला लेकीकडे असायचे. डोळे पूर्ण गेलेले. शुक्रवारी, आईचा डोळा लागला तेव्हा, भडक्या गोळा पोत्यात घालून तिथे गेला. लेकीनं पाणी दिलं आणि ती आत गेली. त्यानं गोळा म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवला.

मास्तरांची बोटं त्यावरून फिरली, अक्षरांवर थांबली. 

"सांधेवाल्याचा धाकटा का तू?"

भडक्या हो म्हणाला. मग मास्तरांनी सांगितलं ते तुकड्या तुकड्यात, मध्ये दम घेत. त्या दिवशी भाषणं चालली होती. पिशवी ड्रायव्हरला द्यायचं काम सांधेवाल्याचं. पंचवीस वर्षं त्यानं हे गोळे दिले-घेतले होते, आणि ते आता भंगारात जाणार म्हणून त्याचा जीव तुटत होता. त्यानं शेवटचा गोळा सदऱ्याखाली घातला आणि ड्रायव्हरला रिकामी पिशवी दिली. रोज ड्रायव्हर पिशवी चाचपतो, गोळ्यावरची अक्षरं वाचतो, मगच शिट्टी देतो. त्या दिवशी त्याचे हात फुलांनी भरलेले होते. मास्तरांनी मात्र बघितलं. पिशवी हलकी झुलतेय हे त्यांना दिसलं. वाटलं, उद्यापासून गाडीच नाही, समोरून यायला आहे कोण? गप्प बसले.

भडक्यानं विचारलं, मग इंजिनाचं काय, ड्रायव्हरचं काय, कुणी शोधलं नाही?

मास्तर म्हणाले, कागद तीन कचेऱ्यांत गेले. पहिलीत म्हणाले दुसरीत पोचली, दुसरीत म्हणाले तिसरीत. आणि बसणारे सगळे गाव सोडून निघालेले. शहरात गेलेला माणूस विसरतो, यात घरच्यांना नवल वाटत नाही. शिव्या देतात आणि कामाला लागतात.

भडक्याची मान खाली गेली.

"नीट ऐक," मास्तर म्हणाले. "हा पुढच्या यंत्रात पडला की गाडी पोचली. आपल्या यंत्रात परत पडला की गाडी परत आली. दोन्हीकडे नाही पडला, तर गाडी मध्ये आहे."

"किती दिवस?"

"पडेपर्यंत."

पुढचं स्टेशन तर पाडून झालं होतं, त्याचं यंत्रही वितळलं होतं. राहिलं एकच भोक. आणि रविवारी साहेब त्यात गोळा टाकणार होते. भडक्यानं तेही सांगितलं. मास्तर ताठ झाले.

"गोळा आधी टाकायचा नसतो. आधी गाडी सबंध आत आलेली बघायची. शेवटच्या डब्याचा लाल दिवा डोळ्यांनी बघायचा. मग गोळा. दिवा न बघता टाकलास, तर लाईन रिकामी ठरते आणि गाडी आतच राहते. मग तिला कुणी परत बोलवू शकत नाही."

भडक्या उठला. पोतं खांद्यावर घेतलं. म्हाताऱ्यानं हवेत हात चाचपून त्याचं मनगट धरलं. म्हणाले, आणायचीच का, ते एकदा ठरव. एकेचाळीस वर्षं मध्ये राहिलेली गाडी आहे. तुझ्या जागी मी असतो तर नसती आणली.

"तुमचं कुणी नव्हतं तिच्यात," भडक्या म्हणाला आणि चालू लागला.

५

रात्रभर त्यानं स्वतःशी वाद घातला. चार यत्ता शिकला असला तरी तो खुळा नव्हता. कुणीतरी टायरचे बूट घालून थट्टा करत असेल. पत्रा उन्हानं तापून घुमत असेल, घंटी उंदरानं वाजवली असेल, आणि मास्तर नव्वदीला टेकलेले. सगळ्याला उत्तर होतं. फक्त सातव्या खिळ्याला नव्हतं. आई सोडली तर तो खिळा जगात तिघांनाच माहीत. एक मेला, एक हा, आणि एक दादा.

सकाळी त्याचं ठरलं होतं. एकदा ठरलं की भडक्या म्हणजे वळणावर न वळणारा बैल.

त्यानं दाराचा गोळा उचलला आणि तिथे वीट लावली. आईला दिसत नव्हतं, पण गोळा सरकल्याचा आवाज तिला बरोबर कळला.

"काय नेतोस रे?"

कामाला पाहिजे, तो म्हणाला.

"दार लागेल."

वीट लावलीय म्हणाला. वीट लोखंडासारखी धरत नाही, ती पुटपुटली, गोळा परत आण. तो उंबऱ्यात थांबला. दादाविषयी तिला काही सांगावं असं त्याच्या जिभेवर आलं होतं. मग त्याला वाटलं, नाही आला तर ही म्हातारी आजच्या आज मरेल. गोळा काखेत मारून निघाला.

स्टेशनात येऊन त्यानं बिगाऱ्याला माल कालवायला लावला. सबंध फलाटावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नवा पातळ थर. बिगारी म्हणाला, मिस्त्री, झालेल्या कोब्यावर पुन्हा कोबा? उद्या साहेब येणार, वाळायचा कधी? भडक्यानं फावडं त्याच्यापुढे सरकवलं. बिगारी कालवायला लागला.

माणसाचे डोळे फसतात, कान फसतात, हे भडक्या मानत होता. ओला कोबा फसत नाही. त्याच्यावर मांजर चाललं तरी तो सांगतो, आणि नाही चाललं तर नाही सांगत. आज जे काय असेल ते कोब्याला लिहून द्यावं लागेल.

दुपारी बाई आल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. भडक्या त्यांच्याशी कधी नव्हे इतक्या हळू बोलला. म्हणाला, बाई, सकाळी तुम्हाला फलाट आरशासारखा देतो, पण आज खोलीची किल्ली द्या आणि इथे कुणी थांबू नका. त्याच्या तोंडून एकही शिवी आली नाही, तेव्हाच बाई घाबरल्या असाव्यात. किल्ली देऊन गेल्या. चार वाजता त्यानं बिगाऱ्यालाही घालवला. मग मागे मागे सरकत घोटत आला आणि शेवटचा हात फिरवून मास्तरांच्या खोलीच्या दारात उभा राहिला. पाठीशी यंत्र, पुढ्यात ओला फलाट, हातात गोळा.

६

शाळेची घंटा झाली. शनिवार असूनही झाली. पोरांचा गलका मात्र आला नाही.

भडक्यानं काट्याकडे बघितलं. गाडी गेली. त्यानं फलाटाकडे बघितलं, पुन्हा काट्याकडे बघितलं. काटा मधल्या जागेवर होता. गाडी येत आहे. सरकताना त्याचा आवाजही झाला नव्हता.

वर घंटी वाजायला लागली. ठोके मोजायचं त्याला सुचलं नाही. पत्रा घुमायला लागला, मग उंबरा, मग त्याच्या दाढा. नाकात कोळशाचा धूर गेला, पोरपणी आईच्या पदराला यायचा तो. चरावर ऊन पडलेलं होतं. झुडपं जागच्या जागी, गवताचं पातं हलत नव्हतं. समोर काहीच नव्हतं. वेड लागलं आपल्याला, त्यानं मनाशी म्हटलं, सरळ घरी जावं.

मान खाली गेली तेव्हा त्याला हातातला गोळा दिसला.

एकेचाळीस वर्षांच्या पायांनी घासलेला गोळा. त्यात आभाळ वाकडं दिसत होतं, पत्रा वाकडा दिसत होता, आणि दोन्हींच्या मधून खिडक्या जात होत्या. हळू, थांबायच्या बेतात असलेल्या गाडीच्या जातात तशा. प्रत्येक खिडकीत माणसं होती. सगळी उभी होती. सगळी याच बाजूला बघत होती, आणि एकाचंही तोंड हलत नव्हतं.

त्यानं डोळे वर केले. ऊन, झुडपं, रिकामा चर. डोळे खाली केले. खिडक्या.

मग तो मान वर करायच्या भानगडीत पडला नाही. त्यानं गोळा तोंडासमोर धरला आणि डबे मोजले. बाप सांगायचा, चार चाळीसला पाच डबे. एक गेला. दोन गेले. तिसऱ्याच्या दारात एक पोरगा पत्र्याची पेटी धरून उभा होता. ओठांवर नुकती फुटलेली मिशी. तो वाकून पाण्याच्या टाकीच्या बाजूला बघत होता, कुणाला तरी शोधत. एकदा त्याची नजर भडक्यावरून गेली. थांबली नाही. अनोळखी म्हाताऱ्यावरून जाते तशी पुढे गेली.

 भडक्याला ओरडावंसं वाटलं, दादा, मी इथे आहे. हात यंत्राकडे गेला. टाकून मोकळं व्हावं, उतरू दे त्याला.

"दिवा," तो स्वतःवर खेकसला. "आधी दिवा, गाढवा."

चौथा डबा. पाचवा. पाचव्याच्या खिडक्या काळ्या होत्या. तिथेही कुणीतरी उभं होतं, पण त्यांच्याकडे त्यानं बघितलं नाही. बघायचं नाही असं त्याच्या अंगातच कुणीतरी सांगितलं. त्यानं दात आवळले आणि डब्याच्या मागच्या कोपऱ्यावर नजर रोवली. गोळ्याच्या कडेला, बाजरीच्या दाण्याएवढा, एक लाल ठिपका लागला. आला, सरकला, थांबला.

भडक्या वळला आणि गोळा भोकात टाकला.

आत कुठेतरी लोखंडावर लोखंड पडलं. काटा फिरला. लाईन बंद. घंटी मध्येच थांबली, पत्रा थांबला, धुराचा वास भांड्यावर झाकण ठेवावं तसा बंद झाला.

त्यानं फलाटाकडे तोंड केलं. सबंध फलाट पावलांनी भरलेला होता. काठापासून फाटकापर्यंत, बायकांची, पुरुषांची, लहान पोरांची, शंभराच्या वर. सगळी एकाच दिशेनं, बाहेर, गावाकडे. पाचवा डबा जिथे थांबला असता तिथलीही पावलं होती. ती बुटांची नव्हती, अनवाणीही नव्हती. ती गवंड्याला ओळखता आली नाहीत.

टायरचा तुकडा आणि सात खिळे त्याला फाटकाजवळ सापडले. एका रेषेत, भराभर टाकलेली पावलं. घर ओळखीचं असलेल्या माणसाची.

७

फाटकाबाहेर मातीवर ठसा उठत नव्हता, पण भडक्याला वाट विचारायची गरज नव्हती. तो पळत सुटला. पंचावन्नाव्या वर्षी गुडघे करकरत होते. गल्लीत दिवसाचा उजेड अजून होता, आणि दारं लागलेली होती. एकूण एक दारं. एका खिडकीआड कुणी बाई रडत होती की हसत होती, ते कळलं नाही. बाकीची पावलं कुठल्या कुठल्या दारांना गेली, आणि ती पाचव्या डब्याची कुठे गेली, हे बघायला तो थांबला नाही. घर, आई, दादा. दुसरं काही डोक्यात नव्हतं.

त्याच्या घराचं दार बंद होतं.

वीट बाजूला, भिंतीशी नीट उभी करून ठेवलेली. दार बंद असताना कसं दिसतं हे भडक्या विसरूनच गेला होता. आतून बोलणं ऐकू येत होतं. त्यानं कान लावला.

"आणि धाकटा कुठे गं? निघताना दिसलाच नाही."

"बसला असेल रुसून टाकीमागे. डोकं थंड झालं की येईल."

दुसरा आवाज आईचा होता. पण त्यात दात होते. गेली वीस वर्षं तिच्या बोलण्यातून वारा जायचा. हा आवाज खणखणीत होता, चाळिशीही न गाठलेल्या बाईचा.  भडक्यानं कडी वाजवली.

आत शांत झालं. मग पावलं दाराकडे यायला लागली. आतली जमीन भडक्यानं घोटलेली, तिच्यावर आवाज लख्ख उमटायचा. एक पाऊल मुकं, दुसऱ्याला टिक. मुकं, टिक. दाराच्या पलीकडे येऊन ती थांबली.

"कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

भडक्यानं आपलं नाव सांगितलं. आईबापांनी ठेवलेलं, खरं. कित्येक वर्षांत ते तोंडात आलं नव्हतं, त्याला स्वतःलाच ते परक्याचं वाटलं. पलीकडे दोघं कुजबुजली. मग आईचा तो दातांचा आवाज आला, हलका, पण त्याला प्रत्येक अक्षर कळलं.

"उघडू नकोस. आपला धाकटा चौदा वर्षांचा आहे. हा कुणी म्हातारा आहे."

आतून अडसर सरकला. त्या दाराला अडसर कधी नव्हताच.

भडक्या मागे सरला. दोन पावलं, तीन. गल्लीच्या तोंडाकडून काहीतरी येत होतं. सावकाश, दारं हुंगत हुंगत आल्यासारखं. त्या पावलांचा आवाज त्यानं ऐकला आणि तिकडे मान वळवली नाही. रागानं त्याचे कान तापले, आणि त्या रागाचं त्याला बरं वाटलं. आई त्याची होती. घर त्याचं होतं. गाडी त्यानं आणली होती, दिवा बघून, नियमानं. आत जो कोणी होता त्याच्या बुटाला खिळासुद्धा यानंच मारलेला होता.

दाराची चौकट त्यानंच बसवली होती. डाव्या अंगाला, वरून तिसऱ्या विटेपाशी माल कमी पडून ती ढिली राहिली होती, हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

भडक्यानं बाह्या वर केल्या आणि तिथे खांदा लावला.